देवाची छुट्टी

माझ्या मुलीला घरी शिकवायचं ठरल्यावर मी सृष्टीची उत्पत्ती सोमवारी सुरू केली, आणि सोमवारी आमच्या मलकापुरात लाइट नसते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. लग्न होऊन कऱ्हाडच्या या बाजूला आल्यापासून दर सोमवारी दुरुस्तीच्या नावाखाली सकाळी गेलेली लाइट संध्याकाळी येते, आणि दर सोमवारी मी मिक्सरमधलं अर्धवट वाटण बघत तिच्या नावाने बोटं मोडते. पण कागदावर आठवडा आखायला बसलं की माणसाला वाटतं, आता जग आपल्या मुठीत आलं. मला तर आखण्याची फारच हौस. माझं माहेर सांगलीचं, विश्रामबागचं. आमच्याकडे सहलीला जायच्या आधी सहलीचं वेळापत्रक चिकटवतात आणि मग पाऊस आला की पावसावर चिडतात.

मुलगी पाच वर्षांची होती. घरात तिचं तोंड मिटत नसे. भात गरम का, मुंगी कुठे निघाली, आज्जाच्या कानातले केस कोणी लावले, असं दिवसभर चालायचं. पण उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तोंडाला कुलूप. शेजाऱ्यांशी नाही, दुकानात नाही, माझ्या बहिणीच्या मुलांशीसुद्धा नाही. जूनमध्ये तिला जवळच्याच एका इंग्रजी शाळेत घातलं, तिथे दिवाळीपर्यंत तिने एक अक्षर काढलं नाही. बाईंना वाटलं हिला ऐकू येत नाही. आम्ही कऱ्हाडला डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी कान पाहिले, घसा पाहिला, सगळं ठणठणीत. तिथे ती दगडासारखी बसून होती. घरी येऊन दार लावल्याबरोबर मात्र तिने डॉक्टरांच्या टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या कानाबद्दल इतके प्रश्न विचारले की मला वाटलं, हिला परत नेऊन हा नमुना डॉक्टरांना ऐकवावा.

उपाय सांगणाऱ्यांची कमी नव्हती. माझ्या आईने सांगलीहून फोनवर सांगितलं, वेखंड उगाळून जिभेला लाव. सासूबाईंनी लावलं. वेखंड किती कडू आहे, ते लावणारे लोक किती वाईट आहेत आणि ते लावताना येशू बघत असतो की नाही, यावर मुलगी घरात संध्याकाळपर्यंत बोलत होती. दुसऱ्या दिवशी शाळेत पुन्हा गप्प.

मग एके दिवशी ती ओल्या फ्रॉकमध्ये घरी आली. बाथरूमला जायचंय हे तिला वर्गात सांगता आलं नव्हतं. दप्तर छातीशी धरून ती सगळ्या वर्गासमोर तशीच बसून राहिली होती. त्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी तिला शाळेतून काढलं नाही, नुसतं पाठवायचं बंद केलं, आणि जाहीर केलं की हिला मी घरी शिकवणार.

जाहीर केलं ते सासऱ्यांसमोर, म्हणून त्याला जाहीर करणं म्हणायचं. सासरे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मी त्यांना मामा म्हणते. माझा नवराही फौजेतच, तेव्हा राजस्थानात होता, आणि घरातल्या वादात त्याचं मत फोनला जेवढी रेंज असेल तेवढंच असे. मामांना घरातली शाळा अजिबात पटली नाही. चार पोरांत मिसळल्याशिवाय तोंड उघडत नसतं, रंगरूट घरी बसून तयार होत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणाले, ती रंगरूट नाही. ते म्हणाले, सगळेच असतात. असं दोन दिवस चाललं, आणि शेवटी त्यांनी एक हुकूम काढला.

"एक आठवडा देतो. तुझ्या पद्धतीनं शिकव," ते म्हणाले. "रविवारी चर्चात उपासना झाल्यावर पाळकसाहेब दारात सगळ्यांना सलाम करत्यात. पोरीनं त्यांच्यासंगं एक शब्द बोलला पायजे. बोलली तर जूनपर्यंत शिकव घरी, मी काय म्हणणार न्हाई. न्हाई बोलली, तर सोमवारी मी स्वतः शाळंत सोडून येतो."

मी हो म्हणाले. एक शब्द म्हणजे काय मोठंसं, असं त्या क्षणी वाटलं. रात्री मात्र मी अंथरुणात पडून तिने उंबऱ्याबाहेर काढलेले शब्द मोजत होते, आणि आकडा शून्याच्या पुढे जाईना.

आम्ही ख्रिस्ती. त्यामुळे घरच्या शाळेचा पहिला आठवडा सृष्टीच्या उत्पत्तीचा असावा हे मला आपोआप सुचलं. सहा दिवसांत देवाने जग केलं, सातव्या दिवशी तो थांबला. म्हणजे आठवडा देवानेच आखून दिलेला, मी फक्त रकाने पाडायचे. इंटरनेटवर कुणा परदेशी बाईने केलेला तयार आराखडाही मिळाला. फोटोत तिचं स्वयंपाकघर आमच्या चर्चएवढं होतं आणि तिची मुलं पांढरे स्वेटर घालून न सांडता रंग देत होती. मी तो झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतला. दुकानदाराने पानं चाळली, सात दिवसांची नावं वाचली आणि विचारलं, "मॅडम, सात दिवसांचा क्रॅश कोर्स हाय का? आमच्या पोराला चालंल का?"

पहिल्या दिवशी अंधार आणि उजेड. आराखड्यात लिहिलं होतं की खोली पूर्ण काळोखी करा, मुलाला काही वेळ अंधारात बसवा, मग देवाने उजेडाला बोलावलं असं सांगा आणि बॅटरी लावा. सोमवारी सकाळी लाइट गेलेली होती, पण बाहेर असं लख्ख ऊन की सुई सापडावी. मामांना घरातली शाळा पटली नव्हती, तरी हुकुमाची तामील नीट व्हावी एवढी शिस्त त्यांच्या अंगात होती. त्यांनी ट्रंकेतून फौजेतली काळी-करडी कांबळी काढली आणि रस्त्याकडच्या दोन्ही खिडक्यांना खिळे ठोकून ताणून बसवली. दाराच्या फटीत पोतं कोंबलं. आम्ही तिघं आत बसलो, मी, मामा आणि मुलगी. सासूबाई मागे कपडे धूत होत्या.

आता फौजीचं घर, मुलगा सरहद्दीवर, आणि भर सकाळी खिडक्यांना कांबळी. शेजारच्या ऊसवाल्या काकूंनी जे समजायचं ते समजलं. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून त्या थर्मासभर चहा घेऊन आल्या, आणि मागच्या दारात सासूबाईंच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. सासूबाईंना वाटलं, काकूंच्याच घरी काहीतरी झालं. काकूंचाही भाचा फौजेत आहे. सासूबाईही रडायला लागल्या. दोघी एकमेकींचं सांत्वन करत होत्या, देवापुढं कुणाचं काय चालतंय म्हणत होत्या, आणि ज्याच्यासाठी रडायचं त्याचं नाव दोघीही भीतीने घेत नव्हत्या. मामा अंधारातून ओरडले, "कोण गेलं?" तशी काकूंनी हंबरडा फोडला आणि दार ढकलून आत आल्या.

दाराबरोबर उन्हाचा पट्टा आत आला. मी बॅटरी हातात घेऊन बसलेली, मामा मांडी घालून, मुलगी मध्ये. काकू आमच्याकडे बघत राहिल्या. मी जेवढं समजावून सांगता येईल तेवढं सांगितलं. आम्ही देव उजेड कसा करतो ते शिकतोय, हे वाक्य मोठ्याने म्हणताना किती वेडगळ वाटतं ते तेव्हा कळलं. काकूंनी पदराने डोळे पुसले, सगळे सुखरूप आहेत म्हणून परमेश्वराचे आभार मानले, आणि मुलीला विचारलं, काय गं, भ्यालीस का? मुलगी भिंतीकडे बघत बसली. ओठ घट्ट. काकू गेल्या, मी दार लावलं, आणि त्याच क्षणी ती म्हणाली, "मम्मी, देवाच्या आधी काकूंनीच उजेड आणला."

संध्याकाळी लाइट आली. आमच्या गल्लीत लाइट आली की सगळी पोरं एका सुरात "आलीऽऽ" म्हणून ओरडतात, तशी ओरडली. आमची मुलगी उठली, खिडकी बंद केली, कडी लावली, आणि मग आतल्या आत "आली" म्हणून ओरडली. मी स्वयंपाकघरातून बघत होते. मला हसू आलं, आणि नंतर काही वेळ मला तांदूळ निवडता येईनात.

मंगळवारी आभाळ. परदेशी बाईचं म्हणणं, काचेच्या ग्लासात पाणी घ्या, वर दाढीचा फेस फवारा, तो ढग समजा, त्यावर निळं पाणी थेंब थेंब सोडा म्हणजे फेसातून पाऊस पडतो. आमच्या घरात फवारायचा फेस नव्हता. मामा आजही वाटीत गोल साबण ठेवून ब्रशने फेस काढतात. त्यांनी आभाळासाठी फेस काढायला घेतला तो असा मन लावून की वाटी, पातेलं आणि शेवटी परात भरली. निळ्या रंगासाठी सासूबाईंनी कपड्यांची नीळ दिली. पाऊस खरंच पडला. मुलगी खूष झाली, मीही झाले. उरलेला फेस मात्र मामांनी टाकू दिला नाही, फौजेत काही वाया घालवत नाहीत म्हणून. बुधवारी सकाळी त्यांनी नीळ सांडलेल्या त्याच वाटीतल्या साबणाने दाढी केली आणि दूध आणायला गेले. परत आले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या मिशा आभाळी झालेल्या होत्या. डेअरीत त्यांना कुणी काही बोललं नव्हतं. त्यांना कोण बोलणार?

बुधवारी जमीन आणि झाडं. इथे सासूबाई पुढे आल्या. त्यांचं माहेर उंब्रजचं, शेतातलं, आणि परदेशी बाईचा कापसात मटार रुजवायचा बेत त्यांना पोरखेळ वाटला. त्यांनी कुंडीत मेथी पेरली, आणि शेजारून उसाची डोळ्याची एक कांडी आणून तीही आडवी लावली. मुलीला गोष्ट आता पाठ झाली होती. देव म्हणतो आणि होतं. तिने कमरेवर हात ठेवले आणि कुंडीला म्हणाली, "ये." मेथी आली नाही. तिने जरा जोरात म्हटलं. मग मामांसारखा आवाज काढून म्हटलं. संध्याकाळी ती रडकुंडीला आली तेव्हा सासूबाई तिच्याशेजारी बसल्या.

"आगं, हुकमानं काय उगवत न्हाई," त्या म्हणाल्या. "ओल लागती. आन् कुणी बघत नसलं की येतंय."

हे त्या मुलीला सांगत होत्या, पण बघत होत्या मामांकडे. मामा मिशा घासत होते.

गुरुवारी सूर्य, चंद्र, तारे. गुरुवारी मी अडचणीत आले. मामा चार दिवस खुर्ची ओढून मागे बसत होते, देखरेखीला. त्यांनी हात वर करून विचारलं की सूर्य चौथ्या दिवशी झाला, तर पहिल्या दिवशी उजेड कुठून आला? आणि बुधवारची झाडं कशावर वाढली? हा प्रश्न माझ्याही मनात लहानपणापासून होता. मी दर वेळी तो पुढच्या इयत्तेवर ढकलला होता. आता पुढची इयत्ता मीच होते. मी म्हणाले, पाळकसाहेबांना विचारून सांगते. मुलगी पिवळ्या कागदाचा सूर्य कापत होती. मान वर न करता म्हणाली, "तवर इन्व्हर्टरवर चाललं असंल की."

मामांनी वर केलेला हात खाली घेतला. मग म्हणाले, बरोबर आहे. नवऱ्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो इतका हसला की त्याच्या बाजूला कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं, आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. माझी छाती फुगली होती. असं डोकं चालणारी पोर पाळकसाहेबांशी एक शब्द बोलणार नाही, असं होईल का? मी मनातल्या मनात रविवार जिंकून टाकला.

शुक्रवारी मासे आणि पक्षी. बाईच्या आराखड्यात मत्स्यालयाची भेट होती. मी मुलीला कऱ्हाडला मासळी बाजारात नेलं. तेही मत्स्यालयच, फक्त बर्फावरचं. मुलगी डोळे मोठे करून बघत होती. मला वाटलं, आता रंगीत तालीम करून बघावी. मी कोळणीला बाजूला घेतलं आणि म्हटलं, मावशी, हिला विचारा कुठला मासा पाहिजे. मावशींनी प्रेमानं विचारलं. मुलीने बोट दाखवलं. मावशी म्हणाल्या, नाव सांग की. मुलगी माझ्या ओढणीत शिरली. मावशींनी तिसऱ्यांदा विचारलं, मग माझ्याकडे बघून आवाज खाली केला.

"मुकी हाय का ओ?"

त्या वाईट बाई नव्हत्या. उलट मासा कापताना त्यांनी दोन तुकडे जास्तीचे घातले, आणि त्या दोन तुकड्यांनीच मला जास्त लागलं. मी म्हणाले, मुकी नाही, ती विचार करते. हे मी इतक्या तोऱ्यात म्हणाले की शेजारच्या कोळणीनेही वळून पाहिलं. रिक्षात बसल्यावर मी माशांची पिशवी पायाशी आदळली. मला मावशींचा राग येत होता, मामांचा येत होता, आणि खरं सांगायचं तर माझ्या मांडीला चिकटून बसलेल्या त्या एवढ्याशा जिवाचाही येत होता. बोल ना गं बाई, एकदा बोल, की सगळे गप्प होतील.

घरी मासे तळले. पाचव्या दिवशी केले आणि पाचव्याच दिवशी तळले, असं मामा म्हणाले. मुलीने मन लावून काटे काढले, आणि खाता खाता विचारलं, मुकी म्हणजे काय?

मी सांगितलं, ज्याला बोलता येत नाही तो मुका. तिने घास गिळला. मग म्हणाली की देव सोमवारी बोलला, मंगळवारी बोलला, रोज बोलला. रविवारी काय बोलला?

मी म्हणाले, रविवारी काही नाही बोलला.

"मग त्यो मुका हाय?"

मी म्हणाले, नाही गं, त्या दिवशी तो... आणि मला पुढचा शब्द सापडेना. आराखड्यात रेस्ट लिहिलं होतं. मी शनिवारचे रकाने भरायला बसले आणि सातव्या रकान्यात काहीच लिहिलं नाही.

शनिवारी प्राणी आणि माणूस. मातीचा माणूस करायचा होता, मुलीने मातीचा आज्जा केला. मामांना तो आवडला, पण मिशा नाहीत ही त्यांची तक्रार होती. मुलीने कुंडीतून मेथीचे दोन कोंब उपटून ओठावर लावले. मेथी आली होती, आणि ती कधी आली ते आम्हा कुणालाच कळलं नव्हतं. मग तिने गल्लीतल्या कुत्र्याला, शेळीला आणि दोन मांजरांना गच्चीवरून नावं दिली, अगदी हळू, त्यांनाही ऐकू जाऊ नये अशा बेताने.

दिवेलागणीला चहा घेताना मी सातव्या रकान्याचा प्रश्न काढला. देवाने सातव्या दिवशी काय केलं, हे पाच वर्षांच्या मुलीला कोणत्या शब्दात सांगायचं? मी म्हणाले, विसावा. सासूबाई म्हणाल्या, विसावा म्हणजे मढं नेताना वाटंत खाली ठेवत्यात ती जागा, असलं अभद्र पोरीला शिकवू नको. मी म्हणाले, मग शब्बाथ. तो उपासनेतला शब्द, पण मुलीला तो बिस्किटाचं नाव वाटला. सासूबाई म्हणाल्या, एवढं काय त्यात, सुट्टी म्हणायचं. त्यावर मामांनी कपबशी खाली ठेवली.

सुट्टी शाळेला असते, ते म्हणाले. ज्याने सहा दिवस ड्युटी केली त्याला मिळते ती छुट्टी. आणि छुट्टी आपल्या मनाने घेता येत नाही. अर्ज करावा लागतो, वरचा साहेब मंजूर करतो, तेव्हा माणूस बिस्तरा बांधतो. मंजुरीशिवाय गेला तर तो फरारी. एकदा त्यांच्या सख्ख्या भावाच्या लग्नाला छुट्टी मंजूर झाली नव्हती, तर ते गेले नव्हते. ते आठवून त्यांचा आवाज जरा बदलला. मग त्यांनी मुद्दा मांडला.

"देवानं छुट्टी घेतली, मान्य. पर मंजूर कुणी केली? देवाच्या वर कोण हाय?"

सासूबाई म्हणाल्या, आवं, तुमाला काय करायचंय. मी म्हणाले, देवाला मंजुरी लागत नाही. मामा म्हणाले, मग ती छुट्टी नव्हे, आणि पोरीला चुकीचं शिकवू नको. अर्धा तास आम्ही तिघं जाणती माणसं देवाच्या रजेच्या अर्जावर भांडत होतो. मी तर तावातावाने इथपर्यंत गेले की देव स्वतःच वरचा साहेब असल्यामुळे त्याने स्वतःच सही केली असेल. मामा म्हणाले, स्वतःच्या अर्जावर स्वतः सही, हे फौजेत कोर्टमार्शल आहे. मुलगी टेबलाखाली बसून शेंगदाणे खात होती. तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

रविवारी मी तिला निळा फ्रॉक घातला. तिला काही सांगायचं नाही, घोकून घ्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं, आणि चर्चपर्यंत रिक्षात तीन वेळा म्हणाले की पाळकसाहेब किती प्रेमळ आहेत नाही. उपासनेत माझं कशात लक्ष नव्हतं. प्रार्थनेला डोळे मिटले की मला तो ओला फ्रॉक दिसायचा. मी देवाला फक्त एक शब्द मागत होते. कुठलाही चालेल, म्हणत होते, अगदी नाही म्हणाली तरी चालेल.

उपासना संपली. आमच्याकडे पाळकसाहेब दारात उभे राहतात आणि सगळी मंडळी एकेक करून हात मिळवत, सलाम, म्हणजे आमचा नमस्कार, करत बाहेर पडतात. बाहेर चहा असतो, त्यामुळे रांगेला घाई असते. आमची पाळी आली. सासूबाईंनी मुलीचा हात असा धरला होता की बोटं पांढरी पडली होती. मामा तिच्या मागे सावधान उभे होते. पाळकसाहेबांना आमच्या हुकुमाचं काहीच माहीत नव्हतं. ते वाकले, सलाम बाळा म्हणाले. मुलीने त्यांच्या बुटांकडे बघितलं. ते म्हणाले, घरी सृष्टीची उत्पत्ती शिकतेस म्हणे, काय शिकलीस? बूट. ते हसून म्हणाले, बरं, देवाने पहिल्या दिवशी काय केलं? तिला हे येत होतं. काकू, थर्मास, कांबळी, सगळं येत होतं. ती गप्प. मागे रांग थांबली होती, कुणाचं तरी बाळ कुरकुरत होतं. पाळकसाहेबांनी तिला सोपं जावं म्हणून शेवटचा दिवस विचारला. सातव्या दिवशी काय केलं देवाने?

काही नाही. मी मामांकडे बघितलंच नाही. मला सोमवार दिसत होता, गणवेश दिसत होता, मामांचं बोट धरून फाटकातून आत जाणारी तिची पाठ दिसत होती. पाळकसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, असू दे, आज बोलायचं नाही वाटतं, म्हणाले आणि मागच्या माणसाकडे हात पुढे केला.

"आज छुट्टी हाय," खालून आवाज आला.

आवाज मोठा नव्हता, पण घरातला होता, टेबलाखालचा. पाळकसाहेबांचा हात तसाच हवेत राहिला. ते पुन्हा वाकले आणि त्यांनी विचारलं, कुणाची छुट्टी?

"देवाची," ती म्हणाली. "आन् माझीबी."

रांगेतलं कुणीतरी हसलं. मला काही दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते आणि नाकही वाहत होतं. रुमाल सासूबाईंच्या पिशवीत होता आणि सासूबाई स्वतःच त्याने तोंड पुसत होत्या. मामा अजून सावधानच उभे होते. त्यांच्या मिशांच्या मुळाशी अजून थोडी नीळ होती. त्यांनी घसा खाकरला आणि परेडच्या मैदानावर द्यावा तसा आवाज दिला, की बाहेर चहा ओतणारा माणूससुद्धा थांबला.

"मंजूर."

सासूबाईंनी रुमाल बाजूला केला. "आवं, देवाची छुट्टी मंजूर करणारं तुमी कोण?"

"देवाचं देव बघंल," मामा म्हणाले. "पोरीची मंजूर. जूनपातूर."